घर नसलेली चूल

सुरतेहून परतलो तेव्हा सायकलच्या कॅरिअरवर तंबू नव्हता. बायकोने दारातच ते हेरलं. "गेला ना चोरीला?" असं तिने विचारलं, तेही जिंकल्यासारखं, कारण उघड्यावर जाऊन झोपण्याचं माझं खूळ तिला कधीच पटलेलं नाही. मी नुसतं "नाही" म्हणालो आणि आंघोळीला गेलो. ऑफिसातही कोणाला धड सांगितलं नाही. आता सगळं सांगून टाकतो.

मी खानदेशातल्या एका लहानशा नगरपालिकेत कारकून आहे, अतिक्रमण खात्यात. बावीस वर्षं झाली. गावात कोणी मोकळ्या जागेवर पाल ठोकलं, ताडपत्री बांधली, की नोटीस माझ्या हातून जाते. आणि दर हिवाळ्यात आठ दिवसांची रजा काढून मी सायकलवर निघतो आणि दुसऱ्यांच्या गावात मोकळ्या जागेवर फुकट तंबू ठोकून झोपतो. लॉज नाही, धर्मशाळा नाही. तंबूसुद्धा आमच्याच खात्याने एका जडीबुटीवाल्याकडून जप्त केलेला, मी लिलावात घेतलेला. ऑफिसात यावर बरीच थट्टा होते. होऊ दे.

पुढचं कळायला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. झोपडपट्टीची मोजणी करताना कोणत्या झोपड्यात माणसं राहतात आणि कोणतं नुसतं जागा अडवायला उभं केलेलं, हे ओळखायची माझी एक युक्ती होती. सकाळी सकाळी जायचं आणि चुलीला हात लावायचा. चूल कोमट असली तर "राहते", थंड असली तर "बंद". माणसं खोटं बोलतात, राख बोलत नाही, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. आमच्या नाल्याकाठच्या वस्तीत एकदा अशीच चूल थंडगार लागली होती. दारात तीन बाया बसलेल्या, विचारलं तर एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेरून आणून बसवल्या असतील असं मी धरलं, "बंद" लिहिलं आणि पुढे गेलो. महिन्याभराने ते झोपडं उठलं. या नोंदीचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता.

डुमस

नवापूर, व्यारा, बारडोली हा रस्ता सोडूनच देतो. दोन पंक्चर आणि उसाच्या ट्रकांची धूळ, यापलीकडे त्यात काही नाही.

सुरतेतल्या प्लेगला वर्ष उलटून गेलं होतं. मी मनात जी सुरत घेऊन गेलो होतो ती घाणेरडी, नाक मुठीत धरायला लावणारी होती. प्रत्यक्षात रस्ते झाडून लख्ख. गटारांच्या कडेने पांढऱ्या पावडरीच्या सरळ रेघा. आमच्याकडे अशी पावडर फक्त मंत्री येणार असले की पडते. खात्यातला माणूस म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या रेघांमधून सायकल चालवताना उगाच वाटत होतं की घरातलं मयत नुकतंच उचललं आहे आणि मागे जागा सारवून घेतली आहे.

डुमसला समुद्र बघायचा आणि वाळूवर तंबू ठोकायचा असा बेत होता. वाळू काळी निघाली. ओहोटी इतकी लांब गेलेली की पाणी दिसेना, नुसता आवाज येत होता. चार-पाच कुत्री समुद्राकडे तोंड करून उभी होती आणि भुंकत होती. मी त्यांच्या रोखाने बघितलं. तिकडे काहीच नव्हतं.

पहिली खुंटी ठोकली तोच शिट्टी वाजली. पहारेकरी होता, म्हातारा, अंगात खाकी स्वेटर. "अहीं नहीं, भाई. तंबू नहीं," तो म्हणाला. उघड्यावर कोणी झोपायचं नाही असा प्लेगपासूनचा हुकूम आहे, हे त्याने हिंदीत समजावलं. मी माझी ओळख सांगितली, आपण एकाच धंद्यातले म्हणून हसलो. तो हसला नाही. "हुकूम नसता तरी इथे झोपू दिलं नसतं," तो म्हणाला आणि कुत्र्यांकडे बघत राहिला. मी खुंटी उपटली.

परत शहराकडे येताना एका गाडीवर पोंक खाल्ला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण हे लोक त्यावर बारीक शेव आणि लिंबू घालतात आणि सोबत गोड काहीतरी घेतात. आपल्याकडे हुरड्याबरोबर साखर दिली तर माणूस उठून जाईल. खाताना शेजारी एक अमळनेरकडचा, यंत्रमागावरचा कामगार भेटला. माझी भाषा ऐकून त्यानेच विचारलं आणि त्यानेच सांगितलं, "गोडादराले जा. खाडीना काठवर आपलाच लोके शेतस."

गोडादरा

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चारी बाजूंनी मागांचा खडखडाट. गल्ल्या संपून खाडी लागते तिथे झोपड्यांची एक लांब रांग होती आणि रांगेच्या बरोबर मध्ये, पडलेल्या दातासारखी, एका झोपडीएवढी जागा मोकळी. सपाट, स्वच्छ, दगडगोटा नाही. एवढी आयती जागा मला बावीस वर्षांत कोणत्याही गावाने दिली नव्हती.

मी उतरलो तशी रांगेतली माणसं बाहेर आली. सगळ्यांत पुढे एक म्हातारी, कपाळभर कुंकू, हातात खराटा. तिचं नाव कौतिकबाई.

"कथाईन उनात भाऊ?"

मी गाव सांगितलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. मग काय करता असं विचारलं, आणि मी नेहमीच्या ऐटीत सांगून टाकलं की नगरपालिकेत, अतिक्रमणात. चेहरे पुन्हा मिटले.  कौतिकबाईने माझ्या कॅरिअरवरच्या गुंडाळीला बोट लावून विचारलं, "हाई काय शे?" तंबू म्हटल्यावर तिने मागे वळून बायांकडे बघितलं.

"आठेच लावा," ती म्हणाली. "चांगली जागा शे."

तंबू ठोकताना मी गुडघ्यावर बसलो तेव्हा लक्षात आलं की जमीन शेणाने सारवलेली आहे. ताजी. बोटांचे अर्धगोल अजून ओले होते. मोकळं मैदान कोण सारवतं? तेवढ्यात वीज गेली. सगळे माग एकदम थांबले आणि इतकी शांतता पडली की माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. त्या शांततेत मी खुंटीसाठी जागा चाचपत होतो आणि माझा हात तीन दगडांवर पडला.

चूल होती. राख कोमट होती.

मी हात झटकन मागे घेतला. बावीस वर्षं चुलीत हात घालणारा माणूस मी, पण प्रत्येक वेळी तिच्याभोवती घर होतं. इथे भिंत नाही, छप्पर नाही, माणूस नाही आणि चूल मात्र कोमट. उठून विचारावं तर रांगेतली सगळी दारं लागलेली. काय सांगू, त्या क्षणी सायकलवर टांग टाकून निघून जावंसं वाटलं. पण अंधारात जाणार कुठे? तंबू चुलीपासून हातभर बाजूला ठोकला आणि आत शिरलो. थोड्या वेळाने डोकं बाहेर काढलं तर चुलीपाशी एक ताट झाकून ठेवलेलं. कळण्याची भाकरी, ठेचा, पाण्याचा तांब्या. भाकरी गरम होती. आणणाऱ्याचं पाऊल वाजलं नव्हतं.

भूक होती, खाल्लं.

दुसरा दिवस

पहाटे जाग आली ती आवाजाने. तंबूच्या बाहेर, अगदी हाताच्या अंतरावर, एक बाई हळू आवाजात बोलत होती.

"उठा. पानी तापनं. आज थंडी भलती शे. उठा ना."

मला कोणी इतक्या मायेने उठवलेलं नाही. लग्न झाल्या झाल्यासुद्धा नाही. क्षणभर मी "उठलो" म्हणणारच होतो. मग अंगावर काटा आला, कारण ती मला उठवत नव्हती. थोडं थांबून, उत्तर ऐकल्यासारखी ती हसली आणि म्हणाली, "बरं, निजा थोडा येळ."

मी कनात बाजूला केली तोवर कोणी नव्हतं. चुलीवर भगोण्यात पाणी होतं, त्यातून वाफ निघत होती.

आता मात्र ठरवलं, निघायचं. दोऱ्या सोडायला घेतल्या तर शेजारच्या झोपडीतला माणूस चहा घेऊन आला आणि उद्या जा म्हणाला. चहा पिऊन पुन्हा उठलो तर दुसरी बाई शेवभाजी घेऊन आली. तिचंही तेच, उद्या जा. तिसरा आला तो नुसताच उभा राहिला, हसत, माझ्या खुंटीवर पाय ठेवून. सायकलकडे गेलो तर दोन्ही चाकं बसलेली, आणि व्हॉल्व्ह नाहीत. दोन्ही. पंक्चर समजू शकतो, पण व्हॉल्व्ह पंक्चर होऊन जात नाहीत.

मी ओरडलो, "हे कोणी केलं?" रांगेतल्या सगळ्या दारांत माणसं उभी होती. सगळी माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, काकुळतीने. मला रागाची भीती कमी वाटली असती.

रांगेच्या टोकाला एका खांबावर पाटी होती, गुजरातीत आणि हिंदीत. नोटीस वाचायची माझी सवय, तिथे जाऊन उभा राहिलो आणि डोक्यात थोडा उजेड पडला. उद्या मोजणी होती. जुन्या यादीत ज्यांची नावं आहेत आणि मोजणीच्या दिवशी ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, त्यांना नंबर मिळणार. नंबरवाल्यांना पुढे पक्की खोली. शहराबाहेर कोसाडकडे असं कोणी म्हणत होतं, कोणी सचिन गावाकडे. ज्याला नंबर नाही त्याची जागा सरळ साफ. आणि पाटी लागल्या दिवसापासून नवा बांबू, नवा पत्रा उभा करायचा नाही, केला तर उचलून नेणार. नियम चोख होता. मी स्वतः लिहिला असता तरी असाच लिहिला असता.

मी परत येऊन कौतिकबाईच्या दारात बसलो. "ही जागा कोणाची आहे, ते सांगा," म्हणालो. "आणि माझे व्हॉल्व्ह द्या."

तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग आत बघून म्हणाली, "इंदू, ये व बाहेर."

बाहेर आली ती तिशीतली बाई. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि बोटांना ओलं शेण. पहाटेचा आवाज तिचाच होता, हे ती बोलायच्या आधी मला कळलं.

तिच्या नवऱ्याचं नाव भिला. मागावर काम करायचा. प्लेगच्या भीतीने सुरत पळाली तेव्हा दोघं स्टेशनवर गेली. त्या गर्दीत तिचा हात सुटला. ती गावी पोचली, तो पोचला नाही. ती इथे परत आली, तो इथेही नव्हता. दवाखान्यांच्या याद्यांत नाही, कुठेच नाही. पुढच्या पावसाळ्यात खाडीचं पाणी चढलं आणि झोपडीचे बांबू-पत्रे वाहून गेले. ती कौतिकबाईकडे झोपायला लागली. पुन्हा उभारायच्या आत पाटी लागली.

"मग चूल?" मी विचारलं.

"चूल कशी थंडी पडू देऊ?" इंदू म्हणाली. "ज्या घरमा मयत व्हस त्या घरमा चूल पेटत नही. दुसरा लोके भाकर लई येतस. मी चूल पेटाडी नही तर लोके म्हनतीन, इनी मानी लिधं." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मी नही मानी लिधं."

मी ऐकत होतो, पण मला नाल्याकाठच्या त्या तीन बाया दिसत होत्या. दारात बसलेल्या. न बोलणाऱ्या. आत चूल थंडगार. त्यांच्या समोर एक झाकलेलं ताट होतं, हेही आता आठवलं. शेजाऱ्यांनी आणलेलं असणार. मी खानदेशात जन्मलो, माझा बाप गेला तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नव्हती, मीच शेजारची भाकरी खाल्ली होती, आणि त्या दिवशी हातात वही होती म्हणून मला ते सुचलं नाही. मला फार लाज वाटली. पाणी मागितलं आणि घोटाघोटाने प्यायलो.

कौतिकबाईला वाटलं मी रागावलो. "तुम्ही अतिक्रमणवाला म्हनीसन सांगं नही भाऊ," ती म्हणाली. "तंबूमा बांबू नही, म्हनीसन कोन्ही उचलाले उनं नही. छप्पर दिसाले पाहिजे, इतलंच." आणि पदराच्या गाठीतून दोन व्हॉल्व्ह काढून तिने माझ्यापुढे ठेवले. जायचं तर जा, असं ती म्हणाली नाही, पण ते तिथे पडलेच होते.

मोजणी

पहाटे तोच आवाज आला. "उठा. पानी तापनं." या वेळी मी भ्यालो नाही. पण आतल्या काळोखात, बाहेरून इंदू ज्या रोखाने बोलत होती तिथे, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे मी बघितलं नाही. सरकून जागा मात्र केली. का, ते मला विचारू नका.

एक अडचण उरली होती. बावीस वर्षांत पंचनाम्यात मी खोटं बोललो नव्हतो, आणि समोरचा माणूस विचारणार हे मला माहीत होतं, कारण मी विचारलं असतं. म्हणून मोजणीवाले रांगेच्या टोकाला दिसले तेव्हा मी माझं सामान बाहेर काढलं, इंदूला बोलावलं आणि चार लोकांदेखत सांगितलं, "हा तंबू आता तुझा. मी दिला." तिला कळेना. कौतिकबाईला कळलं. तिने इंदूचा हात धरून तिला तंबूच्या दारात बसवलं.

मोजणीवाला कारकून माझ्याच वयाचा, चष्म्याला दोरी लावलेली. बरोबर रंगाचा डबा धरलेला एक माणूस. तंबूसमोर तो थबकला.

"आ कोनुं छे?"

"यांचं," मी म्हणालो.

"तंबूसुद्धा?"

"तंबूसुद्धा यांचाच."

त्याने माझ्या सायकलकडे बघितलं, माझ्या पायांशी पडलेल्या पिशवीकडे बघितलं. मग यादीत बोट फिरवलं. भिलाचं नाव होतं. "घरधणी क्यां छे?"

इंदूने मान वर केली नाही. "गावले गयात. येतीन," म्हणाली.

सगळी रांग श्वास धरून उभी.  तो काय लिहील ते माझ्या हातात नव्हतं, आणि तंबू हा डाव आहे हे त्याला कळलं होतं. मला कळलं असतं, मग त्याला का नाही? तो थोडा वेळ इंदूच्या बांगड्यांकडे बघत राहिला. मग खाली वाकला आणि त्याने चुलीवर हात ठेवला.

मी ते बघत होतो. अगदी माझ्यासारखाच, तळवा उपडा करून. ही युक्ती माझी एकट्याची आहे असं मी आजवर समजत होतो.

हात त्याने लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ ठेवला. मग राख पँटला पुसली, वहीत काहीतरी लिहिलं आणि रंगवाल्याला खूण केली. माझ्या तंबूच्या कनातीवर लाल आकडे उमटले. २१७. मी वाकून वहीत बघितलं, गुजराती अक्षरं लावत लावत. सवय. "भिला. पत्नी हजर. राहते."

इंदूने मला बाजूला बोलावलं. तिला वाचता येत नव्हतं. "त्यासनं नाव कापं नही ना?"

"नाही. आहे तसंच आहे."

तिने मान डोलावली, पण ती हलली नाही. "आम्हले तिकडे लई गयात, आनि त्या आठे उनात तर?" असं तिने विचारलं.  मग तिनेच चुलीतला एक दगड काढला, काळा, अजून गरम, पदरात धरून रंगवाल्याकडे नेला. त्याने कारकुनाकडे बघितलं. कारकून दुसरीकडे बघत होता. दगडावर २१७ लिहून मिळालं. जाताना हा दगड इथेच ठेवीन, ती म्हणाली. नवरा आला की त्याला कळेल, कुठे विचारायचं ते.

मी व्हॉल्व्ह बसवले, हवा भरली आणि निघालो. रांगेतल्या सगळ्यांनी काही ना काही बांधून दिलं होतं. वळणावर मागे बघितलं तर इंदू दोन दगडांच्या चुलीला तिसरा दगड शोधत खाडीकाठी फिरत होती.

गावी

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी, कामावर जायच्या आधी, मी नाल्याकाठी गेलो. ते झोपडं उठवल्यानंतर तिथे आम्ही काटेरी तार लावली होती. तारेच्या आत बाभळी उगवल्या होत्या. माणसं कुठे गेली, शेजारच्यांना माहीत नव्हतं. कोणाचं मयत होतं ते मात्र एकाने सांगितलं. घरातला कर्ता मुलगा, मी मोजणीला गेलो त्याच्या आदल्याच रात्री गेलेला.

तार उचलून आत शिरलो. चूल कोपऱ्यात होती, तीनही दगड जागेवर. मी गुडघ्यावर बसलो आणि तळवा उपडा करून हात ठेवला. थंड होती. माझी नोंद आता बरोबर ठरली होती. मी हात तसाच ठेवून बसलो, ऑफिस उघडेपर्यंत.